पिएमोन्तेची पहिली लाल बाटली: बार्बेरा, दोल्चेत्तो की नेब्बिओलो?

पिएमोन्तेची वाइन म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी नेब्बिओलो द्राक्षाच्या बारोलोचं नाव येतं. मग पहिल्यांदा घेणारा दुकानातली सगळ्यात स्वस्त बारोलो शोधतो, त्याच संध्याकाळी उघडतो आणि पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करतो. माझा सल्ला सरळ आहे: पहिली बाटली बार्बेराची घ्या. बारोलो कुठे कमी पडते म्हणून नव्हे. तिला लागणारा वेळ, पैसा आणि सोबतचं जेवण पहिल्या खेपेला बहुतेकांकडे नसतं, म्हणून.

इटलीच्या वायव्य कोपऱ्यातल्या या प्रांतात, तोरिनोच्या आग्नेयेला, लांगे, रोएरो आणि मोन्फेर्रातो ही टेकड्यांची मुलूखपट्टी आहे. २०१४ साली युनेस्कोने इथल्या द्राक्षमळ्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. बार्बेरा, दोल्चेत्तो आणि नेब्बिओलो ही तिन्ही द्राक्षं इथलीच आणि बरेचदा एकाच शेतकऱ्याच्या रानात, पण जागा ठरलेल्या. नेब्बिओलो ऑक्टोबरपर्यंत पिकत राहतं, म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेला, भरपूर उन्हाचा उतार त्याचा. दोल्चेत्तो सगळ्यांच्या आधी पिकतं, त्याला उंचावरची थंड जागाही चालते. उरलेल्या जागेत बार्बेरा.

बार्बेराची खूण म्हणजे गडद रंग, भरपूर आंबटपणा आणि नावापुरता तुरटपणा. लाल वाइनमध्ये हा मेळ सहसा मिळत नाही. तेल, लोणी, चरबी असलेल्या जेवणाबरोबर प्रत्येक घोटाला तोंड स्वच्छ होतं. लसूण आणि अँचोवी मासे तेलात शिजवून केलेला बान्या काउदा नावाचा तिथला गरम पदार्थ भाज्या बुडवून खातात, त्याच्यासोबत बार्बेराच हवी. आपल्याकडच्या तिखटालाही तीच सोसते, कारण मिरचीने तुरटपणा आणखी बोचरा होतो आणि बार्बेरात तो मुळातच कमी. फक्त लेबलवर अल्कोहोल बघा. साडेचौदा टक्क्यांच्या पुढची असेल तर मिरचीसोबत घसा जाळते.

या द्राक्षाने वाईट दिवसही पाहिलेत. १९८६ साली इटलीत स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल मिसळल्याने वीसहून अधिक माणसं मेली आणि त्या प्रकरणात बार्बेराचं नाव बदनाम झालं. त्याच दशकात रोक्केत्ता तानारो गावच्या जाकोमो बोलोन्या यांनी बार्बेरा लहान फ्रेंच ओक पिंपांत मुरवली. त्यांच्या ‘ब्रिक्को देल्लुच्चेल्लोने’चं पहिलं पीक १९८२चं. रोजच्या जेवणातली, मोठ्या भांड्यांतून विकली जाणारी वाइन उंची वाइनच्या पातळीला जाऊ शकते, हे त्या बाटलीने दाखवून दिलं. मला पिएमोन्तेच्या इतिहासातलं हे पान सगळ्यात जवळचं वाटतं.

लेबलवर ‘बार्बेरा दास्ती’ असेल तर ती आस्तीच्या बाजूची, फळांचा स्वाद पुढे असलेली, बहुधा लाकडी पिंपात न मुरवलेली. ‘सुपेरिओरे’ म्हणजे किमान १४ महिने मुरलेली, त्यातले ६ लाकडात. ‘निझ्झा’ला २०१४पासून स्वतंत्र दर्जा आहे. तिच्यात शंभर टक्के बार्बेरा आणि किमान १८ महिने मुरवणं बंधनकारक. ‘बार्बेरा दाल्बा’ आल्बाच्या परिसरातली. पहिल्या बाटलीसाठी साधी दास्ती पुरे. ओकचा व्हॅनिलासारखा वास आवडत असेल तरच पुढची पायरी.

दोल्चेत्तोबद्दल थोडक्यात. आंबटपणा कमी, रंग जांभळा, शेवटी कडवट बदामासारखी चव, आणि नावात गोडवा असला तरी वाइन कोरडीच. दोन-तीन वर्षांत पिऊन संपवायची. आंबट वाइन ज्यांना सोसत नाही त्यांनी बार्बेराऐवजी हिच्याकडे जावं. दोल्यानी गावाची दोल्चेत्तो इतरांपेक्षा भारदस्त असते, लेबलवर नुसतं ‘दोल्यानी’ लिहिलेलं असतं. सलामी (खारवून सुकवलेलं मांस), चीज, संध्याकाळच्या गप्पा यासाठी ती चांगली. झणझणीत रश्श्यासमोर मात्र टिकत नाही.

आता नेब्बिओलो. ग्लासात ओतल्यावर वाटतं, ही हलकी असणार. रंग फिका, ग्लासामागची अक्षरं दिसावीत इतका, आणि काही वर्षं जुनी असेल तर कडेला विटकरी झाक. वासाला सुकलेला गुलाब, चेरी, थोडं डांबर. मग घोट घेतला की हिरड्या आणि गालाची आतली बाजू आखडते, जांभळं खाल्ल्यावर जीभ कोरडी पडते तशी. आंबटपणाही सोबतीला असतोच. फिका रंग आणि एवढी ताकद, या विसंगतीवरच माणसं जीव टाकतात.

बारोलो आणि बार्बारेस्को दोन्ही निव्वळ नेब्बिओलोच्या. बारोलो ११ गावांच्या हद्दीत होते आणि सुगीनंतरच्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडात. बार्बारेस्कोला २६ महिने, त्यातले ९ लाकडात. म्हणून जानेवारी २०२४ पासून २०२०ची बारोलो आणि २०२१ची बार्बारेस्को शेजारी शेजारी विकता येऊ लागली. साधारणपणे बार्बारेस्को लवकर मवाळ होते. बारोलोतही ला मोर्रा गावची सुगंधी आणि नरम, सेर्रालुंगाची कडक, वर्षानुवर्षं थांबायला लावणारी.

या दोघींत निवडायचं तर पहिल्या अनुभवासाठी मी बार्बारेस्को सांगेन, तीही ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’ या सहकारी संस्थेची. १९५८ साली गावच्या पाद्र्याने १९ लहान शेतकऱ्यांना एकत्र आणून ती उभी केली, आणि पहिली काही वर्षं वाइन चर्चच्या तळघरातच झाली. सहकाराची ताकद पाहिलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. ही संस्था फक्त नेब्बिओलोच करते आणि दर्जाच्या मानाने दर वाजवी ठेवते.

तेही खिशाला जड वाटलं तर ‘लांगे नेब्बिओलो’ घ्या. द्राक्ष तेच, मुरवणं कमी, तुरटपणाही कमी, आणि बारोलो करणारे बहुतेक उत्पादक ती करतात. नवख्या उत्पादकाच्या स्वस्त बारोलोपेक्षा चांगल्या हातची लांगे नेब्बिओलो मी केव्हाही निवडेन.

फिकी पण तुरट ग्रिन्योलिनो, नेब्बिओलोची जवळची नातलग असलेली फ्रेइझा आणि गुलाब-मिऱ्याच्या वासाची रुके या तिघींना हात दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला लावा. त्यातही रुके आधी, कारण सुगंधी वाइन आवडणाऱ्याला ती पहिल्याच घोटात पटते.

घरी मटणाचा तिखट रस्सा किंवा पनीर मखनी असेल तर बार्बेरा दास्ती, फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवून. कमी मसाल्याचं भाजलेलं मांस, मशरूम रिसोतो, जुनं चीज असेल तर नेब्बिओलो, जेवणाआधी दोन तास तरी बूच काढून रुंद भांड्यात ओतलेली. आणि भेट म्हणून बारोलो द्यायचीच असेल, तर बाटलीवरचं पिकाचं वर्ष किमान आठ-दहा वर्षं जुनं आहे का ते बघा. नसेल तर घेणाऱ्याला सांगून ठेवा, आत्ता उघडू नकोस.