छताचे कापड लोंबलेली गाडी आणि नाना पेठेतील एक कारागीर

माझ्या 2009 सालच्या सेदान गाडीच्या छताचे कापड मागच्या काचेपाशी सुटू लागले आणि पावसाळा संपेपर्यंत ते इतके लोंबले की आरशातून मागचा रस्ता दिसेना व मागे बसणाऱ्याच्या केसांत पिवळसर भुकटी पडू लागली. टाचण्या लावून मी दोन महिने काढले, हे कबूल करतो.

खरे दुखणे त्या भुकटीत असते. हे कापड थेट पत्र्याला चिकटवलेले नसून दाबून घडवलेल्या एका हलक्या फळीवर बसवलेले असते, आणि कापडाच्या पाठीला फोमचा पातळ थर असतो. उन्हाने आणि दमटपणाने तो फोमच विरून जातो, त्यामुळे वरून कितीही गोंद लावला तरी तो भुकटीलाच चिकटतो. सीट कव्हरच्या एका दुकानाने फळी न उतरवता दोन तासांत कापड चिकटवून देण्याची तयारी दाखवली, तर सर्व्हिस सेंटरने अख्खी फळीच बदलण्याचा सल्ला दिला. नाना पेठेतील कारागिराने मात्र छतावरून बोट फिरवून त्याला लागलेली भुकटी मला दाखवली आणि फळी खाली काढल्याशिवाय आपण या कामाला हात लावणार नाही, असे स्पष्ट सांगितले. त्याने 5,500 रुपये आणि पूर्ण एक दिवस मागितला. त्या एका वाक्यावर मी गाडी त्याच्या हवाली केली.

सन व्हायझर, हँडल, छतातला दिवा, काचांच्या बाजूंनी छत पेलणाऱ्या खांबांवरची प्लास्टिकची आवरणे आणि दरवाज्यांचे रबरी बीडिंग काढल्यावर पुढची सीट पूर्ण आडवी करून दोघांनी ती फळी जराही न वाकवता दारातून बाहेर घेतली. (माझ्या गाडीत छताच्या कडेला एअरबॅग नाहीत, ज्यांच्या गाडीत त्या असतील त्यांनी हे काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी सोडवली जाते ना, हे स्वतः पाहावे.) त्यानंतर दीड तास केवळ ब्रशने जुना फोम खरवडण्यात गेला. कामाचा कस येथेच लागतो, आणि घाई करणारा कारागीर नेमका येथेच वेळ वाचवतो. नवे फोमचे कापड अर्धे दुमडून, फळीला व कापडाला दोन्हीकडे उष्णता सोसणारा गोंद फवारून, तो किंचित सुकल्यावर मधून कडांकडे हलक्या तळव्याने बसवण्यात आले. जोर दिल्यास गोंद फोममधून वर झिरपतो आणि कायमचा डाग राहतो.

दिवाळीनंतर केलेले हे काम एप्रिल-मेच्या उन्हात, गाडी रोज उघड्यावर उभी राहूनही, टिकले आहे. डाव्या व्हायझरच्या खोलगट भागात बोटभर कापड उचलले होते, ते त्याने पैसे न घेता पुन्हा बसवले. करडा रंग खांबांच्या आवरणांपेक्षा एक छटा फिका आहे, आणि गोंदाचा वास चार-पाच दिवस काचा उघड्या ठेवूनच गेला. मला खटकले ते वेगळेच: आवरण काढताना एक क्लिप तुटली आणि ते त्याने सांगितले नाही, त्यामुळे खड्ड्यातून जाताना उजवा खांब खुळखुळू लागला. ती क्लिप त्याच गल्लीत, सुट्या भागांच्या दुकानात, 40 रुपयांना मिळाली आणि मीच बसवली.