स्वस्त सॉलिसिटर, रखडलेलं रीमॉर्गेज आणि चौपट झालेलं बिल

इंग्लंडमध्ये घर घेतलेल्या ज्या मराठी कुटुंबांची फिक्स्ड डील (ठरावीक वर्षं न बदलणाऱ्या व्याजदराचं गृहकर्ज) येत्या वर्षभरात संपते आहे आणि ज्यांना रीमॉर्गेज करायचं आहे, म्हणजे कर्ज नव्या लेंडरकडे न्यायचं आहे, त्यांनी त्यासाठी सॉलिसिटर (वकील) ठरवण्याआधी हे वाचावं. आमचे पैसे गेले ते गेले, पण जी पद्धत आम्ही जवळून पाहिली ती ओळखता आली तर निदान तुमचे वाचतील.

लोकांना सॉलिसिटरचा उशीर आणि त्याचं वाढलेलं बिल या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात. माझ्या मते ती एकच गोष्ट आहे. काम रखडलं की तुमची जुनी डील संपायची तारीख जवळ येते, आणि ती तारीख डोक्यावर असताना माणूस कुठल्याही बिलाला हो म्हणतो.

आमचा स्लाऊमध्ये लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा) फ्लॅट आहे, तीन मजली इमारतीत. 2019 मध्ये घेतलेली पाच वर्षांची डील सप्टेंबर 2024 अखेर संपत होती. बँक ऑफ इंग्लंडचा दर ऑगस्ट 2023 मध्ये 5.25 टक्क्यांवर गेला होता आणि वर्षभर तिथून हलला नव्हता, त्यामुळे आम्ही वेळेत हालचाल सुरू केली होती. कर्ज उरलं होतं सुमारे 2,20,000 पाउंड, मुदत 25 वर्षं. नव्या लेंडरच्या 4.4 टक्क्यांनी हप्ता 1,210 पाउंडांच्या आसपास बसत होता. वेळेत काम झालं नाही तर जुन्या लेंडरचा एसव्हीआर, म्हणजे डील संपल्यावर आपोआप लागणारा बदलता दर, लागू होणार होता. तो तेव्हा आठ टक्क्यांच्या घरात होता, म्हणजे हप्ता जवळजवळ 1,700. महिन्याला 490 पाउंडांचा फरक. ही निकड सॉलिसिटरच्या फर्मलाही माहीत असते, कारण जुनी डील कधी संपते हे त्यांच्या पहिल्याच फॉर्मवर तुम्ही लिहून दिलेलं असतं.

फर्म आमच्या मॉर्गेज ब्रोकरनं सुचवली. कोटेशन 249 पाउंड अधिक व्हॅट. आपल्याकडे बँकेनं किंवा एजंटनं दिलेला वकील म्हटलं की लोक फार चौकशी करत नाहीत. इथे मात्र ब्रोकरला फर्मकडून रेफरल फी (ग्राहक पाठवल्याचे पैसे) मिळत असू शकते, आणि ती मिळते का, किती मिळते, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. लेंडर देतो ती ‘फ्री लीगल’ सोयही नीट समजून घ्या. त्यात सॉलिसिटर बऱ्याचदा फक्त लेंडरसाठी काम करत असतो, आणि लीजहोल्ड किंवा मालकीतले बदल आले की त्याचे पैसे वेगळे लागतात.

नव्या लेंडरचं ऑफर लेटर आल्यावर कित्येक आठवडे काहीच घडलं नाही. प्रत्येक ईमेलला नव्या माणसाचं उत्तर, आणि उत्तर एकच: फाईल तपासणीत आहे. फोन केला की ज्याच्याकडे फाईल आहे तो जागेवर नाही. आम्ही साक्षीदारासमोर सही करून पाठवलेली मॉर्गेज डीड (गहाणखत) मिळालीच नाही असं सांगितलं गेलं. रेकॉर्डेड पोस्टाची पावती पाठवल्यावर ती सापडली. इमारतीच्या मॅनेजिंग एजंटकडून जी माहिती पहिल्या आठवड्यात मागवायला हवी होती, ती मागवली सप्टेंबरमध्ये. तोवर एक पाउंडही जास्त मागितला नव्हता.

मागण्या सुरू झाल्या सप्टेंबरच्या शेवटी. आधी लीजहोल्डचे म्हणून 175 पाउंड. फ्लॅट लीजहोल्ड आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मग नावाचा मुद्दा. माझ्या भारतीय पासपोर्टवर आपल्या रीतीप्रमाणे माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव आहे, तर लँड रजिस्ट्रीत (घरमालकीच्या सरकारी नोंदीत) फक्त नाव आणि आडनाव. आपल्यातल्या असंख्य बायकांचं असंच असतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं शपथेवर सांगणारं एक पान लागतं. ते पान तयार करायचे त्यांनी 150 पाउंड लावले. शपथ मी जवळच्या दुसऱ्या सॉलिसिटरकडे जाऊन घेतली. त्याची ठरलेली फी आहे 5 पाउंड, आणि सोबत जोडलेल्या प्रत्येक कागदाचे 2. लँड रजिस्ट्रीचा आपला उतारा सरकारी संकेतस्थळावर सध्या 7 पाउंडांत मिळतो. तो आधीच काढून पासपोर्टशी ताडून बघा आणि फरक असेल तर कोटेशन मागतानाच लेखी कळवा, म्हणजे नंतर तो ‘अचानक निघालेला’ मुद्दा होणार नाही.

सगळ्यात संताप आला तो बिल्डिंग सेफ्टी ॲक्टच्या नावाखाली लावलेल्या 250 पाउंडांचा. 2022 च्या त्या कायद्यातलं लीजधारकांचं संरक्षण, आणि त्यासाठी लागणारी सर्टिफिकेटं, किमान 11 मीटर उंच किंवा किमान पाच मजली इमारतींसाठी आहेत. आमची तीन मजली आहे आणि उंचीही त्याहून कमी. ज्या कामाची गरजच नव्हती त्याचे पैसे मागितले होते, आणि कायद्याचं नाव ऐकून घाबरलेला माणूस ते देऊन मोकळा होतो. ऑनलाइन ओळख तपासणीचे दोघांचे मिळून 50, पैसे पाठवायचे 45.

ऑक्टोबर उजाडला, एसव्हीआर लागला. मग पत्र आलं की काम तातडीनं हवं असेल तर 150 पाउंड वेगळे भरा. उशीर त्यांनी केलेला, आणि तो संपवायचे पैसे आमच्याकडून! दुसरीकडे जातो म्हटलं तर आधी झालेल्या कामाचं बिल भरा, मगच फाईल देऊ. बिल थकलेलं असेल तर सॉलिसिटरला फाईल अडवून धरायचा अधिकार असतो, म्हणून ही धमकी पोकळ नव्हती. वर नव्या फर्मकडे सगळं पहिल्यापासून सुरू झालं असतं, तेही एसव्हीआरच्या हप्त्यावर. शेवटी, उद्या दुपारपर्यंत पैसे जमा झाले नाहीत तर कम्प्लीशन (नव्या लेंडरच्या पैशांनी जुनं कर्ज फेडून व्यवहार पूर्ण होणं) रद्द होईल, असा ईमेल आला. आम्ही भरले. 249 चे झाले 1,069, व्हॅट धरून 1,282 पाउंड 80 पेन्स. शिवाय एसव्हीआरचा जादा हप्ता आमच्याच माथी.

पैसे भरताना एक वाक्य मात्र लिहून पाठवलं होतं: या रकमा आम्हाला मान्य नाहीत, डील वाचवण्यासाठी नाइलाजानं भरतो आहोत. पुढे ते फार कामाला आलं.

नंतर आम्ही लेखी तक्रार केली. ईमेलच्या विषयात ‘फॉर्मल कम्प्लेंट’ हे शब्द घाला, नाहीतर ते साधी विचारणा म्हणून बाजूला टाकतात. फर्मला उत्तर द्यायला आठ आठवडे असतात. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लीगल ओम्बड्समनकडे (वकिलांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या संस्थेकडे) जाता येतं, आणि त्याला एक पैसा लागत नाही. मुदती मात्र कडक आहेत: फर्मच्या अंतिम उत्तरापासून सहा महिने, आणि मूळ घटनेपासून किंवा ती कळल्यापासून एक वर्ष. ब्रोकर किंवा लेंडरबद्दलची तक्रार फायनान्शियल ओम्बड्समनकडे जाते.

तक्रारीत आम्ही दोन गोष्टींवर भर दिला. सॉलिसिटरांवर देखरेख ठेवणाऱ्या सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या नियमांप्रमाणे काम घेताना आणि खर्च बदलत जाईल तसतसा एकूण खर्चाचा अंदाज ग्राहकाला द्यावा लागतो. डिसेंबर 2018 पासून तर रीमॉर्गेजसकट घरांच्या व्यवहारांचे दर संकेतस्थळावर छापणंही बंधनकारक आहे. फर्मच्या स्वतःच्या दरपत्रकात तातडीच्या फीचा उल्लेखच नव्हता. दुसरं म्हणजे तिसऱ्याला दिले म्हणून लावलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागितली. बिल्डिंग सेफ्टीचे आणि तातडीचे पैसे व्हॅटसकट परत आले. एसव्हीआरच्या फरकाला त्यांनी नकार दिला, आणि ते प्रकरण आता ओम्बड्समनकडे आहे.

तुमची डील संपायला सहा महिने उरले असतील तर आजच जुन्या लेंडरकडे प्रॉडक्ट ट्रान्सफरचा (त्याच लेंडरच्या नव्या डीलचा) दर बघा. त्याला सॉलिसिटर लागत नाही. जून 2023 च्या मॉर्गेज चार्टरवर (सरकार आणि लेंडर यांच्यातल्या समझोत्यावर) सही केलेल्या लेंडरकडे तेव्हा तो सहा महिने आधी राखून ठेवता येत होता; आता किती आधी राखता येतो ते लेंडरलाच विचारा. बाहेरचा दर थोडासाच कमी असेल तर मी म्हणेन, जुन्याकडेच थांबा. बाहेर जायचंच असेल तरी राखून ठेवलेली डील केव्हापर्यंत सोडता येते हे लेंडरकडून लेखी घ्या आणि कम्प्लीशनची तारीख पक्की होईपर्यंत ती सोडू नका. एसव्हीआरची भीती नसली की जास्तीच्या पैशांना सरळ नाही म्हणता येतं.