काचेची पेटी की उघडं टेबल?

दागिने घडवणाऱ्याला प्रदर्शनाचं बोलावणं येतं ते साधारण दोन प्रकारचं. एक कलादालनाचं: पांढऱ्या भिंती, वरून दिवे, शेजारी चित्रं आणि मधोमध कुलूपवाल्या काचेच्या पेट्या. दुसरं मांडवातल्या टेबलाचं. मुंबईत काळा घोड्याला ही दोन्ही जगं एकमेकांना खेटून आहेत. आत १९५२ सालापासूनची जहांगीर आर्ट गॅलरी, आणि बाहेर १९९९ साली सुरू झालेला, वर्षातून नऊ दिवस चालणारा महोत्सव. माझा अनुभव तिथला नाही, पण त्याच धाटणीच्या दोन जागांचा आहे. भाडं, कमिशन, निवडीसाठी पाठवायचे फोटो हे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडतो.

दालनाचा मान मोठा, हे आधीच कबूल करतो. माझा तोडा पाहून तिथे कुणी ग्रॅमचा भाव काढला नाही. एका वयस्कर चित्रकारांनी काचेला नाक लावून विचारलं, "झाळ कुठे दिली आहे हो? दिसतच नाही." झाळ म्हणजे धातूचे तुकडे जोडणारा सांधा. पंचवीस वर्षं चांदीकाम करतोय, हा प्रश्न गिऱ्हाइकाने कधी विचारला नव्हता. ते चार दिवस मी ताठ मानेने वावरलो.

पण चावी!

माझ्या पेटीची चावी माझ्याकडे नव्हती. ती कार्यालयातल्या एका गृहस्थांकडे असायची आणि ते गृहस्थ बहुधा चहाला गेलेले असायचे. सुरक्षेचा नियम होता, त्यात त्यांचं चूक काहीच नाही. दुसऱ्या दिवशी साताऱ्याकडच्या एक मावशी आल्या. तुशीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "जड असेल ना?" माझी तुशी चांदीची, मणी पोकळ, दोन दोन वाट्या जोडून केलेले. तळहातावर ठेवली असती तर प्रश्न तिथेच मिटला असता. मी म्हटलं, "नाही हो, अगदी हलकी आहे." त्या हसल्या, दुकानदाराच्या बोलण्यावर हसतात तशा. मी चावी आणायला धावलो. परत आलो तेव्हा मावशी जिन्याने खाली उतरत होत्या आणि त्यांना हाक मारायचं मला धाडस झालं नाही.

हे एकदा झालं असतं तर विसरलोही असतो. चार दिवस हेच चाललं. आपल्याकडच्या बायका दागिना आधी हाताने तोलतात, मग डोळ्यांनी बघतात. कुडीची फिरकी फिरवून पाहतात, अडकते का म्हणून. आणि तुशी तर पेटीत नुसती आडवी पडलेली मण्यांची ओळ असते. गोंडा सरकवून गळ्याशी घट्ट बसेपर्यंत ती तुशी होतच नाही. काच यातलं काहीच होऊ देत नाही.

मांडवात उलटं. तिथे हात आधी येतो, नमस्कार नंतर. चापाची नथ लावून बघायला रांग लागते (स्पिरिट आणि कापूस जवळ ठेवा, दर वेळी पुसून द्या). आणि एखादी अनोळखी बाई शेजारून म्हणते, "छान दिसतंय हो तुम्हाला." तिच्या त्या वाक्याने जेवढी विक्री होते तेवढी माझ्या तासाभराच्या बोलण्याने होत नाही. दालनात चार दिवसांत तीन नग गेले होते, मांडवात तेवढे पहिल्याच दुपारी गेले. अर्थात गर्दी निराळी, किमतीही थोड्या निराळ्या, त्यामुळे हा हिशेब फार ताणू नका.

मांडवाचे त्रास आहेतच. धूळ, लाउडस्पीकर, दुपारचं ऊन. माझी एक बुगडीही गेली, जोडीतली एकच, म्हणजे नेणाऱ्यालाही धड उपयोग नाही. आणि चांदी काळवंडते. रोज रात्री खोलीवर रिठ्याचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन बसायची तयारी हवी.

मला वाटायचं, बंद पेटीत निदान हा त्रास नसेल. पण माझ्या पेटीत खाली लोकरी फेल्ट होतं, आणि शेवटच्या दिवशी पैंजणांची खालची बाजू पिवळट झालेली दिसली. लोकरीत गंधक असतं आणि चांदी काळी पडते ती गंधकामुळेच. संग्रहालयांना हे चांगलं माहीत आहे. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली यासाठी एक चाचणी काढली. पेटीत वापरायचं कापड किंवा लाकूड धातूच्या पट्टीसोबत दमट, बंद नळीत कोंडतात, ६० अंश तापमानाला २८ दिवस ठेवतात आणि पट्टी काळी पडते का ते बघतात. आपल्याला एवढं कोण करू देणार? घरून धुतलेलं सुती कापड न्यावं आणि फेल्टवर जाड घडी करून अंथरावं.

आता तुमचं काम बारीक तारेचं असेल, बोट लागलं की वाकणारं, किंवा अंगावर घालण्यापेक्षा शिल्पासारखं बघण्याचं असेल, तर दालनच बरं. खरं सोनं असेल तरी तेच, रात्रीची झोप लागते. तिथे भेटलेल्या त्या चित्रकारांनी पुढे मला दोन मोठी कामं मिळवून दिली, हेही सांगायला हवं. तेव्हा दालनाला नाही म्हणा असं मी म्हणणार नाही. होकार देण्यापूर्वी फक्त एवढंच विचारा, की पेटीची चावी कुणाच्या खिशात राहणार.

यंदा माझ्याकडे दोन्हींचे अर्ज आले होते. मी मांडवाचा भरला. टेबल सहा फुटी मिळालंय, त्यातला फूटभर आरशासाठी ठेवलाय. मागच्या वेळी आरसा तळहाताएवढा नेला होता आणि बायका मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करून नथ बघत होत्या.