स्टिरिओ मायक्रोस्कोप (20 पट/40 पट), तीन महिने वापरून झाल्यावर

मी फोंड्याला हायस्कूलमधे विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी नववीच्या पोरांना वास्कोला सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र बघायला नेलं होतं, तेव्हापासून डोक्यात एकच, की समुद्रतळाच्या चिखलावरून अंटार्क्टिकाचा बर्फ कधी वाढला कधी वितळला ते कळतं, तर त्या चिखलात असतं तरी काय ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंच.

आधी सांगते, शाळेत असतो तो खालून उजेड येणारा मायक्रोस्कोप याला चालत नाही, वाळूचे दाणे नुसते काळे ठिपके दिसतात. वरून दिवा हवा. माझी पहिली ऑर्डर तिथेच फसली, दुकानदाराने "वरचा दिवा आहे" म्हणून जो पाठवला त्यात तो नव्हताच, बदलून मिळायला पाच आठवडे गेले आणि तेवढ्यात मे महिन्याची सुट्टी संपली. त्याचा एक स्टार कापलाय.

पण दुसरा आला तो सुंदर. आमच्या गावच्या खाजनात (खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतजमीन) मानशीजवळचा (बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं दार) वाटीभर गाळ आणला, चाळणी नव्हती म्हणून जुन्या शिफॉनच्या ओढणीतून पाणी नितळ होईपर्यंत धुतला, वाळवला, काळ्या कागदावर पसरला. 20 पटीला नुसती वाळू. 40 पटीला दाण्यांमधे एक गुंडाळलेलं पांढरं काहीतरी, गोगलगाईसारखं, अर्ध्या मिलिमीटरहून लहान, आणि त्याचे कप्पे चक्क मोजता येत होते! फोरामिनिफेरा. एका पेशीचा जीव आणि चुन्याचं घर. तसल्याच दुसऱ्या एकावर व्हिनेगरचा थेंब टाकला तर बुडबुडे येऊन विरघळलं, लेक आणि मी आळीपाळीने बघत बसलो, रात्रीची पेज निवून गेली.

आता हे कवच का महत्त्वाचं. समुद्राच्या पाण्यात हलका ऑक्सिजन-16 आणि जड ऑक्सिजन-18 दोन्ही असतात, वाफ होताना हलका जास्त जातो, तो बर्फ होऊन ध्रुवांवर अडकला की मागे उरलेलं समुद्राचं पाणी जड होतं आणि कवच त्याच पाण्यातून बनतं. म्हणजे कवचात ऑक्सिजन-18 जास्त तर जगात बर्फ जास्त. थंडीनेही तो आकडा वाढतो, म्हणून त्याच कवचातलं मॅग्नेशियम मोजून तापमानाचा भाग वेगळा काढतात. 2005 मधे 57 ठिकाणच्या खोल समुद्रातल्या कवचांचे आकडे जोडून 53 लाख वर्षांचा एक सलग आलेख केला गेला, तो मी वर्गात लावलाय. साधारण 20,000 वर्षांपूर्वी बर्फ एवढा होता की समुद्र 120 मीटर खाली, आपला किनारा तेव्हा कित्येक मैल पश्चिमेला होता, हे पोरांना सांगितलं तर पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर उभं राहून कल्पना करायला लागतात.

खाजनातल्या कवचावरून मात्र बर्फाचा हिशोब निघत नाही हं, नदीचं गोडं पाणी मिसळतं. त्याला खोल समुद्राच्या तळावर राहणारी जातच लागते.

आणि नुसती कवचंच नाही. हिमनग वितळताना पोटातली खडी खाली टाकतो, म्हणून जमिनीपासून लांब मऊ गाळात मधेच टोकदार दाणे आले की हिमनग इथवर आले होते हे कळतं. 2006-07 मधे रॉस समुद्राजवळ तरंगत्या बर्फाखालून तळात 1285 मीटर भोक पाडलं, त्यात हिमनदीने खरवडलेल्या खडीचे थर आणि डायटमचे (काचेसारखं कवच असलेलं एका पेशीचं सूक्ष्म शेवाळ) थर आलटून पालटून निघाले. डायटमना ऊन लागतं, म्हणजे त्या काळी डोक्यावर बर्फ नव्हता, उघडा समुद्र होता. पश्चिम अंटार्क्टिकाची हिमचादर एकदा नाही अनेकदा मागे हटलीय. हे वाचून मला खरंच धडकी भरली.

मायक्रोस्कोपबद्दल बाकी: डायटमसाठी 40 पट पुरत नाही, त्याला शाळेतलाच खालून उजेडाचा काढा. फोकसचा स्क्रू थोडा घट्ट आहे. दाणे उचलायला तीन शून्यांचा (000 नंबरचा, एकदम बारीक) ब्रश घ्या, टोक ओलं करून, चिमट्याने कवच फुटतं. पैसे देण्याआधी वरचा दिवा दुकानातच लावून बघा.