एनसीआरबीचा 'क्राइम इन इंडिया': फुकट आहे, पण छेद बघून वापरा

दरवर्षी व्हॉट्सॲपवर "महाराष्ट्र गुन्ह्यांत अमक्या नंबरवर" असलं फॉरवर्ड फिरतं ना, ते ज्या रिपोर्टातून निघतं तो हा, केंद्र सरकारच्या नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोचा (एनसीआरबी) देशभरातल्या गुन्ह्यांचा रिपोर्ट. 1953 पासून निघतोय, पीडीएफ वेबसाइटवर फुकट. मी 2022 चा बऱ्यापैकी चाळलाय, त्यावरून लिहितोय.

यातला खरा कामाचा कॉलम म्हणजे रेट, दर लाख लोकांमागे किती केसेस. नुसते आकडे बघितले तर खुनात यूपी पहिला, 3,491, पण रेट लावला की यूपी 1.5 वर येतं आणि झारखंड 4 वर जाऊन बसतं, चित्रच उलटं. आपल्या महाराष्ट्राचे 2,295, रेट 1.8. खुनाचं टेबल मला सगळ्यात भरवशाचं वाटतं, कारण मुडदा पडल्यावर केस दाबणं चोरीइतकं सोपं नसतं. 1992 ला देशात 40 हजारांच्या घरात खून होते, 2022 ला 28,522, तेही लोकसंख्या एवढी वाढून! "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणणाऱ्या काकांना हे पाठवाच.

बाकी टेबलं जपून. 2020 ला एकूण रेट 385.5 वरून थेट 487.8, बघणाऱ्याला वाटेल देश बिघडला, पण तो फुगवटा मुख्यतः लॉकडाऊन मोडल्याच्या कलम 188 च्या केसेसचा, चोऱ्या तर उलट कमी झालेल्या (सगळेच घरात बसलेले, चोरणार कुठे). गुन्हे वाढले की नोंद वाढली, यात गल्लत करू नका असं रिपोर्टातच लिहिलंय, ते पान कोण वाचतंय म्हणा.

शहरांचं टेबल मात्र डोकं फिरवतं. रेट काढताना वर केसेस 2022 च्या आणि खाली छेदात लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची, पुणे 50.5 लाख!! अहो एकटं वाघोली बघा तेव्हापासून किती वाढलंय. म्हणजे जे शहर जास्त वाढलं त्याचा रेट फुकट फुगणार, आणि यावरच "कोलकाता 86.5, सगळ्यात सुरक्षित, पुणे 280.7, दुसरं" अशा बातम्या झाल्या, पुणेकर खूश. 2021 ची जनगणना झालीच नाही त्यामुळे राज्यांची लोकसंख्याही अंदाजानेच, पण निदान त्या-त्या वर्षाचा अंदाज तरी आहे.

उशीर तर विचारू नका, 2023 चा रिपोर्ट यायला सप्टेंबर 2025 संपत आला.

राज्यांसाठी चार स्टार, शहरांसाठी दीड. आणि मोबाइलवर उघडू नका, टेबलं वाचताना डोळे जातील, लॅपटॉपच घ्या.