बेडकांत नर दूर जातो की मादी: टॅग लावावा की डीएनए घ्यावा?

पक्ष्यांत बहुधा माद्या जन्मस्थळापासून दूर जातात आणि सस्तन प्राण्यांत नर, असं प्राणिशास्त्रज्ञ ग्रीनवूड यांनी १९८० साली मांडलं. उभयचरांना हा नियम लावता येत नाही. अमेरिकन बुलफ्रॉगमध्ये माद्या जास्त पांगल्याचं दिसलं, तर फाउलर टोडमध्ये (टोड म्हणजे खरखरीत कातडीचा, बहुतेक जमिनीवर राहणारा बेडूक) नर-मादीत फरकच आढळला नाही. म्हणून आरे किंवा बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या टोडचं उत्तर तिथल्या डबक्यांवरच शोधावं लागतं. पार्कात आधी वनखात्याची लेखी परवानगी घ्या.

टॅगचा मार्ग डोळ्यांना पटणारा आहे. १२ मिलिमीटरचा टॅग, म्हणजे ओळखक्रमांक असलेली इलेक्ट्रॉनिक चिप, कातडीखाली सोडायचा आणि दर पावसाळ्यात रीडर फिरवून जनावर ओळखायचं. घोळ मोजणीत होतो. नर रात्रीमागून रात्री डबक्यावर बसून ओरडतो. मादी बहुधा एका रात्रीपुरती येते, अंडी घालते आणि निघून जाते. त्यामुळे नर पुन्हा पुन्हा सापडतात, माद्या सापडत नाहीत आणि ‘माद्या दूर गेल्या’ असा खोटा निष्कर्ष निघतो. त्यात खरी पांगापांग शेपूट गळलेली पिल्लं करतात. सेंटीमीटरभर पिल्लात हा टॅग बसत नाही आणि ते नर की मादी हे बघून कळतही नाही. शिवाय निदान तीन पावसाळे हवेत.

डीएनएसाठी तोंडात स्वॅब फिरवला की पुरे. पाच-सहा डबक्यांवर प्रौढ नर आणि माद्या साधारण सारख्या संख्येने घ्या. एकेका डबक्यातून वीस-वीस तरी. माद्या कमी मिळतात, त्यांच्यासाठी जादा रात्री धरा. बेडूकमासे घेऊ नका: टोडची एक मादी हजारो अंडी घालते, तेव्हा एका ओंजळीत सगळी भावंडंच येतील. मग प्रत्येक जनावराचा न्यूक्लियर, म्हणजे आई-बाप दोघांकडून येणारा, डीएनए त्याच्या डबक्याशी किती जुळतो ते पाहा. जे लिंग जास्त पांगतं, त्याची जुळणी सरासरीने कमी भरते आणि तिच्यात चढउतार जास्त असतो. केवळ आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएवर विसंबू नका. तो पिढ्यान्‌पिढ्यांचा जुना प्रवास सांगतो, त्यामुळे अलीकडच्या रस्त्यांनी अडवलेली वाट त्यात दिसेलच असं नाही.

एकच पावसाळा हाती असेल तर डीएनएच घ्या. अनेक वर्षं एकाच डबक्यावर जाणं शक्य असेल तर टॅग जरूर लावा, पण नर आणि मादी सापडण्याची शक्यता हिशेबात वेगवेगळी धरा. दोन्हींत प्रत्येक जनावरामागे हातमोजे बदला आणि डबकं बदलताना बूट निर्जंतुक करा, नाहीतर बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी तुमच्याच पायांनी पसरेल.