देवाची थोरवी आणि त्याची निवड: कॅम्पातल्या शनिवारच्या शास्त्राभ्यास वर्गाविषयी

पवित्र शास्त्रातल्या इफिसकरांस पत्राचा, म्हणजे प्रेषित पौलाने इफिसच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्राचा, पहिला अध्याय कोणी मराठीतून, घाई न करता शिकवत असेल तर तिथे आवर्जून जावं. देवाने आपल्याला निवडलं, हे आपण प्रार्थनेत दर रविवारी म्हणतो. पण ते कशासाठी, कधी, कशाच्या जोरावर, हे उलगडून सांगणारं सहसा कोणी भेटत नाही. पुणे कॅम्पातल्या एका मराठी मंडळीने, म्हणजे चर्चने, पावसाळ्यात शनिवारी संध्याकाळी नेमका हाच विषय घेऊन वर्ग चालवला. मी तो पूर्ण केला. नाताळानंतर तो पुन्हा सुरू होणार आहे, म्हणून जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी हे लिहिते.

आधी व्यवहाराचं सांगते. फी नाही, टिपणांच्या झेरॉक्सचे तेवढे ५० रुपये घेतात. वेळ साडेपाच ते सात. गाडी लावायला जागा मिळत नाही आणि शनिवारी महात्मा गांधी रस्त्यावर गर्दी असते, त्यामुळे बसने पूलगेटला उतरून चालत जाणं बरं. सभागृह पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. टिपणांचा टाइप फार बारीक आहे. मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र घरात असेल तर तेच सोबत न्या. सुरुवातीला पेटीवर ना. वा. टिळकांचं एखादं पद होतं, शेवटी चहा असतो.

या वर्गाची खरी किंमत त्याच्या क्रमात आहे. निवडीचा विषय निघाला की बहुतेक ठिकाणी थेट रोमकरांस पत्राचा नववा अध्याय उघडतात आणि पहिल्याच दिवशी वाद सुरू होतो. इथे पाळकसाहेबांनी पहिला महिनाभर निवड हा शब्दही काढला नाही. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा चाळिसावा अध्याय घेतला आणि तोच पुन्हा पुन्हा वाचायला लावला. निवडणारा कोण आहे हे कळल्याशिवाय निवड कळत नाही, ही त्यांची भूमिका, आणि ती मला पूर्ण पटली.

त्या अध्यायाची एक बैठक मी जन्मभर विसरणार नाही. बाराव्या वचनात विचारलं आहे की आपल्या ओंजळीने जलाशये कोणी मापली. साहेबांनी पाण्याने भरलेलं पितळेचं घंगाळ आणवलं आणि प्रत्येकाला ओंजळ बुडवून पाणी उचलायला सांगितलं. कोणाच्याही ओंजळीत ते टिकलं नाही, बोटांतून गळून गेलं. मग ते म्हणाले, पावसाळ्यात तुम्ही रोज पेपरात धरणांचे आकडे बघता ना? खडकवासला १.९७ टीएमसी. पानशेत, वरसगाव, टेमघर धरून चारही भरली की २९.१५ टीएमसी. एवढ्या पाण्यावर अख्खं पुणे जगतं, आणि सगळे समुद्र ज्याच्या ओंजळीत मावतात त्याच्यापुढे हा आकडा काहीच नाही. पुढे पंधराव्या वचनात राष्ट्रे पोहऱ्यातल्या थेंबासारखी आहेत, सव्विसाव्यात तो एकेका ताऱ्याला नावाने हाक मारतो आणि एकही उणा पडत नाही. याच अध्यायाच्या अकराव्या वचनात तो मेंढपाळ होऊन कोकरांना कवेत घेतो. हे लिहिलं ते बाबेलच्या बंदिवासात पिचलेल्या लोकांसाठी. आपला मार्ग देवाला दिसत नाही, असं म्हणणाऱ्या लोकांसाठी.

घंगाळ माझ्यापुढे आलं तेव्हा मला माझी आजी आठवली. आमचं घराणं नेवासे तालुक्यातलं, महारवाड्यातलं. गावच्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती. वरच्या आळीतली एखादी बाई येईपर्यंत आजी घागर घेऊन लांब थांबायची, आणि तहान लागली तर खाली ओंजळ धरायची, वरून कोणी ओतलं तर प्यायची. ती आम्हाला हे रडत सांगत नसे, गावची रीत म्हणून सांगायची. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून होतं. आमच्या घरात ते आजोबांच्या बापाच्या वेळी पोहोचलं. ज्या देवाच्या ओंजळीत समुद्र मावतात त्याने आजीच्या त्या ओंजळीकडे पाहिलं, हे मला त्या शनिवारी कळलं. मी वर्षानुवर्षं मुलांना शाळेत शिकवलं, उपदेश तर लहानपणापासून ऐकले. पण हे दोन हात माझ्या मनात कधी शेजारी आले नव्हते.

त्यानंतर जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायावर आलो तेव्हा वर्ग तयार झालेला होता. मोशे इस्राएलाला सांगतो की तुम्ही संख्येने जास्त होता म्हणून देवाने तुम्हाला निवडलं नाही, तुम्ही तर सगळ्यांत थोडे होता. मग का निवडलं? तर त्याची तुमच्यावर प्रीती होती म्हणून, आणि पूर्वजांना दिलेली शपथ त्याला पाळायची होती म्हणून. प्रीतीचं कारण म्हणून प्रीतीच दिली आहे. पौलही करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात मंडळीला हेच सांगतो: तुमच्याकडे बघा, तुमच्यात ज्ञानी फार नाहीत, बलवान फार नाहीत, कुलीन फार नाहीत. कोणी देवापुढे अभिमान बाळगू नये म्हणून देवाने जगातलं हीनदीन ते निवडलं.

इथे साहेबांनी एक गोष्ट स्पष्ट बोलून दाखवली, आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये सोयरीक जमवताना आजही लोक हळूच विचारतात, मूळचे कोण? कोणत्या मिशनचे? बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या तरी तो प्रश्न जात नाही. रोमकरांसच्या नवव्या अध्यायात पौल जन्माचा दावाच काढून टाकतो. याकोब आणि एसाव एकाच आईच्या पोटचे, एकाच वेळचे, आणि त्यांनी बरंवाईट काही करण्याआधीच देवाने आपला निर्णय सांगितला. मोठेपण जन्माने आलं नाही, करणीनेही आलं नाही. मग देवाच्या निवडीवर विश्वास ठेवणाऱ्याने सोयरीक करताना कूळ बघायचं कसं? सभागृहात काही जण अस्वस्थ झाले. व्हायलाच हवं होतं.

इफिसकरांसचा पहिला अध्याय तिसऱ्या वचनापासून चौदाव्यापर्यंत पौलाने एका दमात लिहिला आहे, मूळ ग्रीकमध्ये ते एकच लांब वाक्य आहे. पिता निवडतो, पुत्राच्या रक्ताने खंडणी भरून मुक्ती मिळते, पवित्र आत्म्याचा शिक्का बसतो. आणि तिन्ही ठिकाणी शेवट देवाच्या गौरवाच्या स्तुतीवर होतो. हे सगळं ख्रिस्ताच्या ठायी आहे, त्याच्यापासून वेगळी अशी निवड नाही, हा मुद्दा साहेबांनी फार चांगला ठसवला. मी निवडलेली आहे का, हे शोधायला आकाशातली यादी बघायची नाही, ख्रिस्ताकडे बघायचं. आणि निवड कशासाठी, तर त्याच्यासमोर पवित्र आणि निर्दोष असावं म्हणून. निवडलो गेलो, आता कसंही वागलं तरी चालेल, असं ज्याला वाटतं त्याने चौथं वचन अर्धंच वाचलेलं असतं.

इतिहासाची बैठक मात्र जमली नाही. निवडीत देवाची कृपा आधी की माणसाची इच्छा, या जुन्या वादातली सगळी नावं एकामागून एक आली: ऑगस्टीन आणि पेलाजियस, मग कॅल्विन, मग आर्मिनियस, त्याच्या अनुयायांचे १६१० चे पाच मुद्दे, त्यांना उत्तर देणारी १६१८-१९ ची नेदरलँड्समधली डॉर्टची सभा, आणि शेवटी मेथडिस्ट चळवळीचा वेस्ली. तेराशे वर्षं दीड तासात. शेजारच्या मावशींनी वही मिटून ठेवली. खरा प्रश्न एकच होता: आपण विश्वास ठेवू हे आधीच दिसलं म्हणून देवाने निवडलं, की त्याने निवडलं म्हणून आपल्यात विश्वास उपजला? मला दुसरं बरोबर वाटतं, कारण योहानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू स्वतः शिष्यांना म्हणतो की तुम्ही मला निवडलं नाही, मी तुम्हाला निवडलं. पण वर्गात मेथडिस्ट मंडळीचे लोकही होते. त्यांनी तीमथ्याला पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायावर बोट ठेवलं, सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे. ते वचनही तितकंच खरं आहे आणि त्यावर बोलायला वेळच उरला नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालं तेव्हा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या, त्यामुळे आपल्याकडे एकाच बाकावर दोन्ही विचारांची माणसं बसतात. हा विषय पुण्यात घाईने उरकण्यासारखा नाही. साहेबांनी जाता जाता सांगितलेली एक गोष्ट मात्र मोलाची होती. निवडीची शिकवण मानणारा उपदेशक व्हाइटफील्ड आणि ती न मानणारा वेस्ली यांचा यावरून जाहीर मतभेद होता, तरी १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारला तेव्हा त्याच्या स्मरणार्थ उपदेश वेस्लीनेच केला.

पंडिता रमाबाईंवरची बैठक त्या मानाने छोटी होती, पण सगळ्यांना कळली. शारदा सदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्यात आलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. इथे जोर दिला तो दोन गोष्टींवर. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला, पण ख्रिस्त स्वतः आपल्याला सापडला तो त्यानंतर काही वर्षांनी, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. देव आधी पुढे होता, त्यांना ते मागाहून उमगलं. आणि दुसरी गोष्ट, १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकलेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. ज्या मुलींना कोणीच घरात घ्यायला तयार नव्हतं, त्यांना घेतलं. निवडीची शिकवण माणसाला काय करायला लावते, हे विचारणाऱ्याने दौंडच्या गाडीत बसून केडगावला उतरावं आणि बघून यावं.

आता तक्रार, आणि ती मी साहेबांना समोरही सांगितली आहे. रोमकरांसचा नववा अध्याय शिकवताना सुरुवात कुंभार आणि मातीपासून झाली, म्हणजे घडवलेल्याने घडवणाऱ्याला जाब विचारू नये असं सांगणाऱ्या, जवळजवळ विसाव्या वचनापासून. त्या दिवशी मागच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. त्या घरात एकट्याच विश्वासात आलेल्या. त्यांनी विचारलं, माझे वडील देवभोळे होते, कोणाचं वाईट केलं नाही, त्यांनी प्रभूला मानलं नाही आणि ते गेले. ते निवडलेले नव्हते का? सभागृह शांत झालं. साहेब म्हणाले, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य तेच करील, हे अब्राहामाने देवासमोर उभं राहून म्हटलं, आपणही तिथेच उभं राहू. उत्तर बरोबर होतं. पण सात वाजून गेले होते आणि लगेच समारोपाची प्रार्थना झाली.

तो अध्याय पहिल्या वचनापासून वाचला असता तर त्या बाईंना आणखी काही मिळालं असतं. कारण पौल तिथे कुंभारापासून सुरुवात करतच नाही. आधी सांगतो की मला फार दुःख आहे, माझ्या मनाला अखंड वेदना आहेत, माझ्या भाऊबंदांसाठी मी स्वतः ख्रिस्तापासून तुटायलाही तयार आहे. दहाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात तो त्यांच्या तारणासाठी प्रार्थना करतो. आणि अकराव्याच्या शेवटी, देवाचे निर्णय किती गूढ, त्याचे मार्ग किती अगम्य, असं म्हणून स्तुती करत थांबतो. निवडीविषयी सर्वांत खोल लिहिणारा माणूस आपल्या लोकांसाठी रडत होता. देवाची थोरवी मानणं आणि आपल्या माणसासाठी रडणं या दोन्ही गोष्टी त्याच्या एकाच पत्रात, एकाच श्वासात आहेत. ज्यांच्या घरात असं दुःख आहे, आणि आपल्या मंडळ्यांमध्ये ते पुष्कळ घरांत आहे, त्यांना हे ऐकवल्याशिवाय कुंभाराचं वचन शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढच्या वेळी या तीन अध्यायांना निदान दोन शनिवार द्यावेत आणि इतिहासाची बैठक त्यासाठी कमी करावी.

आणखी एक. प्रश्नांच्या वेळी माइक पुढच्या पुरुषांच्या रांगेतच फिरतो. बायकांचे प्रश्न चहाच्या वेळी जिन्यात निघतात, आणि त्यातले कितीतरी प्रश्न वर्गात विचारले गेले असते तर सगळ्यांना उपयोग झाला असता. चिठ्ठीवर प्रश्न लिहून द्यायची सोय केली तरी पुरे.

नावनोंदणी रविवारी उपासनेनंतर मंडळीच्या कचेरीत होते. कोणत्याही मंडळीचे असलात तरी घेतात, आमच्या वर्गात एक कॅथलिक बाई शेवटपर्यंत आल्या. आमची सून पेंटेकॉस्टल मंडळीत वाढलेली आहे, तिचे प्रश्न माझ्याहून वेगळे असतील, म्हणून पुढच्या वर्गात तिचं नाव घालते आहे. रोमकरांसचा नववा अध्याय असेल त्या शनिवारी मीही तिच्याबरोबर जाऊन बसेन.